कोरी सीडी-डीव्हीडी घेताना: नगाचा खरा भाव काढायचा कसा आणि फसायचं नाही कसं

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायचं काम मी अंगावर घेतलं तेव्हा कोऱ्या डिस्कबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती, शंभरचा डबा घेतला की नग स्वस्त पडतो. म्हणून सगळ्यात स्वस्त दिसला तो डबा उचलला, दोन महिने रात्री बसून सगळं बर्न केलं (म्हणजे डिस्कवर लिहिलं), डिस्कवर नावं घातली आणि कपाटात ठेवलं. चार वर्षांनी काढून बघितलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा डिस्क अर्ध्यात अडकायला लागल्या, काही तर ड्राइव्हला दिसतच नव्हत्या. तोवर मूळ कॅसेटना बुरशी लागली होती. त्यातलं काही आता परत मिळणार नाही आणि ते मला अजूनही लागतं, म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितेय.

डिस्कचा भाव म्हणजे डब्यावरची किंमत भागिले नग, असं आपण धरतो. खरा भाव निघतो तो किंमत भागिले चांगल्या निघालेल्या नगांनी, आणि चांगली म्हणजे नुसती बर्न झालेली नाही, नंतर वाचताही आली पाहिजे. हे डोक्यात ठेवून खालचं वाचा.

आधी जवळ काय काय ठेवायचं

- तुमच्या रायटरचा (डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हचा) मॉडेल नंबर आणि त्याचं स्पेसिफिकेशनचं पान
- बर्न करायचं आणि डिस्कची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर (विंडोजवर इम्गबर्न फुकट आहे आणि पुरतं, लिनक्सवाल्यांना के३बी)
- कॅल्क्युलेटर
- जमलं तर दुसरा एखादा ड्राइव्ह किंवा प्लेअर, मित्राचा चालेल
- बिल, आणि सीलबंद डब्याचे चारही बाजूंनी फोटो

१. तुमचा ड्राइव्ह काय लिहू शकतो ते बघा

हे न बघता डिस्क घेणारे खूप आहेत. ड्राइव्हच्या तोंडावर लोगो असतात पण सगळी माहिती तिथे नसते, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीचं पान काढा. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी सीडी) जवळपास सगळे रायटर लिहितात. डीव्हीडीत दोन पंथ आहेत, डीव्हीडी-आर (मायनसवाली, पायोनियरची, १९९७ ची) आणि डीव्हीडी+आर (प्लसवाली, २००२ ची). गेल्या बऱ्याच वर्षांतले ड्राइव्ह दोन्ही लिहितात, त्यामुळे कॉम्प्युटरसाठी जी चांगली आणि स्वस्त मिळेल ती घ्या. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर लावायची असेल तर मायनसवाली घेणं बरं, फार जुने प्लेअर प्लसवाल्याला नाक मुरडतात.

ब्ल्यू-रेमध्ये एक ठळक खड्डा आहे. १०० जीबीच्या डिस्कना बीडीएक्सएल म्हणतात आणि त्या साध्या ब्ल्यू-रे रायटरमध्ये लिहिता येत नाहीत, रायटरवर बीडीएक्सएल असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. २५ आणि ५० जीबीच्या चालतात.

ड्राइव्ह जुना असेल तर फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का तेही बघून घ्या. कुठल्या बनावटीच्या डिस्कवर लेझर किती ताकदीने आणि कसा मारायचा याची यादी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये असते, डिस्क त्या यादीत नसली तर ड्राइव्ह अंदाजाने लिहितो. चांगली डिस्क चांगल्या ड्राइव्हवर वाईट बर्न होते ती बरेचदा यामुळे, आणि आपण मात्र डिस्कला शिव्या घालतो.

२. जीबीचा भाव काढा, नगाचा नाही

इथे जरा हिशोब करायचाय, पण एकदाच.

सीडीत ७०० एमबी मावतं, एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी, दुपदरी (डीएल) डीव्हीडीत ८.५, ब्ल्यू-रेत २५, दुपदरी ब्ल्यू-रेत ५०. आता एका डीव्हीडीत सहाहून जास्त सीड्यांचा माल मावतो. म्हणजे डीव्हीडीचा नग सीडीच्या सहापट महाग होईपर्यंत डाटासाठी डीव्हीडीच स्वस्त, आणि इतका फरक मी तरी कधी बघितलेला नाही. सीडी घ्यायची ती फक्त गाडीतल्या किंवा घरातल्या सीडी प्लेअरवर गाणी ऐकायला.

दुपदरी डीव्हीडी साध्या डीव्हीडीच्या १.८ पट माल घेते. म्हणून तिचा नग साध्याच्या दुप्पट किंवा जास्त असला तर दोन साध्या घेतलेल्या बऱ्या, आणि बहुतेक वेळा तो दुपटीच्या पुढेच असतो. शिवाय दुपदरी डिस्कमध्ये एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारायच्या जागी गडबड व्हायची शक्यता वाढते. एकच मोठा व्हिडिओ तोडायचा नसेल तेव्हाच ती घ्या.

२५ जीबीची ब्ल्यू-रे म्हणजे सव्वापाच डीव्हीड्या. तिचा नग डीव्हीडीच्या पाचपटीच्या आत मिळत असेल आणि रायटर तुमच्याकडे आधीच असेल तर ब्ल्यू-रे घ्या, डब्यांची जागा वाचते आणि बसून डिस्का बदलत राहायचा वेळही वाचतो. रायटर नवीन घ्यावा लागणार असेल तर त्याची किंमतही हिशोबात धरा, थोड्याच डाटासाठी ते परवडत नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. ४.७ जीबीची डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली की ४.३८ च्या आसपास दिसते आणि २५ ची ब्ल्यू-रे २३.३ दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढंच. पण फोल्डर भरताना हाच आकडा धरा, नाहीतर शेवटची फाइल मावणार नाही.

३. बाद होणाऱ्या डिस्का हिशोबात धरा

समजा ५० चा डबा घेतला आणि पाच बाद गेल्या. उरल्या ४५, म्हणजे नगाचा भाव नवव्या हिश्श्याने वाढला. आता समजा एक डबा दुसऱ्यापेक्षा वीस टक्के स्वस्त आहे पण त्यातली दर पाचवी डिस्क बाद जाते, तर दोन्हींचा भाव बरोबर तेवढाच झाला, वर तुमचा वेळ गेला तो वेगळा. आणि बाद गेलेली लगेच कळली तर नशीब, कारण खरं नुकसान करते ती बर्न होताना नीट वाटलेली आणि नंतर मेलेली डिस्क. तिचा हिशोब पैशात होत नाही.

पोस्टेजही धरा. डिस्कचा नग साधारण १६ ग्रॅमचा असतो, म्हणजे शंभरचा डबा दीड किलोच्या वर जातो, त्यामुळे ऑनलाइन स्वस्त दिसलेला डबा घरपोच येईपर्यंत महाग झालेला असू शकतो. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा अशा काही देशांत कोऱ्या डिस्कवर कॉपीराइटचा वेगळा आकारही लागतो, म्हणून तिकडचा भाव आणि आपला भाव सरळ तुलना करून चालत नाही.

४. वरचं नाव आणि आतली डिस्क यात फरक असतो

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, घाईत असाल तर निदान एवढा वाचा.

डब्यावर जिचं नाव असतं ती कंपनी डिस्क बनवतेच असं नाही. बऱ्याच कंपन्या तैवानच्या सीएमसी किंवा राइटेक अशा कारखान्यांकडून बनवून घेतात आणि वर आपला शिक्का मारतात. त्यातच जुने चांगले कारखाने एकेक करून बाहेर पडले. सीडी-आर पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यांपैकी असलेल्या जपानच्या तायो युदेनने २०१५ च्या शेवटी हे काम सोडलं. व्हर्बेटिम हा ब्रँड आधी मित्सुबिशी केमिकलकडे होता, तो २०१९ मध्ये सीएमसीने घेतला. पॅनासॉनिकने २०२३ च्या फेब्रुवारीत आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहायच्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं थांबवलं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेलं "अमुक ब्रँड डोळे मिटून घे" आज तसंच खरं असेल असं नाही, आणि "जपानी ओरिजनल" म्हणून जो माल मिळतो तो एकतर खूप जुना साठा असतो किंवा नकली असतो.

एकाच ब्रँडमध्येही दोन जाती असतात. व्हर्बेटिमच्या डीव्हीडीवर एझो (लिहायच्या थरातल्या रंगाचा प्रकार) असं लिहिलेली वेगळी आणि लाइफ सिरीज म्हणून विकली जाणारी स्वस्त वेगळी, डबे लांबून सारखेच दिसतात, आतला रंग आणि बनावट वेगळी. पूर्ण नाव वाचा आणि कुठल्या देशात बनली तेही वाचा, देश बदलला की कारखाना बदललेला असतो.

आत नक्की काय आहे ते कळायचा मार्ग म्हणजे डिस्कवर आधीच कोरलेला कोड, ज्याला मीडिया आयडी म्हणतात, सीडीत त्याचं नाव एटिप. कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये टाकून इम्गबर्न उघडलं की उजव्या बाजूला डिस्क आयडी दिसतो. व्हर्बेटिमच्या एझोवाल्या १६ स्पीडच्या प्लस डीव्हीडीचा कोड एमसीसी ००४ असा येतो. आयडीत सीएमसी मॅग दिसलं तर माल सीएमसीचा, राइटेक दिसलं तर राइटेकचा. सीएमसी म्हणजे वाईटच असं समजू नका, माझ्याकडे त्यांच्या चांगल्या चाललेल्या डिस्काही आहेत, मुद्दा एवढाच की साध्या मालाला भारी मालाचे पैसे देऊ नका. आणि हा कोडही नकली टाकता येतो, तायो युदेनचा कोड घातलेल्या खोट्या डिस्का बाजारात येऊन गेल्यात, म्हणून नुसता आयडी बघून मोठी ऑर्डर देऊ नका, पुढची चाचणी करा.

५. डब्यावरचे शब्द आणि त्यातले सापळे

म्युझिक किंवा ऑडिओ सीडी-आर: ही टीव्हीजवळ ठेवायच्या जुन्या सीडी रेकॉर्डर मशीनसाठी असते, ती मशिनं साधी सीडी घेत नाहीत. कॉम्प्युटरवर गाण्यांची सीडी बनवायला साधी सीडी-आर चालते, आवाजात काडीचा फरक पडत नाही, उगाच जास्त पैसे जातात.

प्रिंटेबल: वरची बाजू पांढरी असते, डिस्कवर छापणारा इंकजेट प्रिंटर असेल तरच उपयोग. थर्मल प्रिंटेबल वेगळी, ती इंकजेटमध्ये घालू नका. लाइटस्क्राइब लिहिलेल्या डिस्कला त्याच जातीचा ड्राइव्ह लागतो, नसेल तर ती तुमच्यासाठी साधी महाग डिस्क.

ऑथरिंग डीव्हीडी-आर: ही अजिबात घेऊ नका. तिला वेगळ्या लेझरचा खास रायटर लागतो, आपल्या घरच्या रायटरमध्ये ती लिहिताच येत नाही. आपल्याला हवी ती जनरलवाली. जुना साठा निकाली काढताना हिची जाहिरात "प्रोफेशनल" म्हणून करतात आणि माणसं भुलतात.

एलटीएच: स्वस्त ब्ल्यू-रेवर हा शब्द सापडतो. हिच्यात डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग वापरलेला असतो, साध्या ब्ल्यू-रेत बहुधा धातूसारखा अजैविक थर असतो. जुन्या प्लेअरना एलटीएच वाचायला त्रास होतो आणि जपून ठेवायच्या गोष्टीसाठी मी ती घेणार नाही.

आरडब्ल्यू: पुसून परत लिहिता येते, कंपन्या साधारण हजार वेळा म्हणतात. रोजच्या तात्पुरत्या कामाला ठीक. कायमचं ठेवायला नको.

स्पीडचा आकडा: ५२ एक्स, १६ एक्स बघून जास्त पैसे देऊ नका. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ एमबी, सीडीचा १५० केबी, ब्ल्यू-रेचा साडेचार एमबी. मी १६ एक्सची डीव्हीडी नेहमी ८ वरच लिहिते. अगदी एक-दोनवर लिहिली की अजून चांगली होते असं काही जण मानतात पण आजच्या डिस्का तेवढ्या हळू स्पीडसाठी बनवलेल्याच नसतात, उलट बिघडते.

६. आधी छोटा डबा घ्या आणि तपासा

दहाचा डबा महाग पडतो, हो, पण तो चाचणीचा खर्च धरा. उघडल्यावर आधी डोळ्यांनी बघा. डिस्क उजेडात तिरकी धरली की लिहायच्या बाजूचा रंग कडेपर्यंत सारखा दिसला पाहिजे, कडेला लाटा, बुडबुडे, डाग, ओघळ असे काही नकोत. मधल्या पारदर्शक कड्यावर बारीक कोड असतो, डब्यातल्या चार-पाच डिस्कवर तो वेगवेगळ्या धाटणीचा असेल तर माल मिसळलेला आहे.

मग दोन-तीन डिस्क पूर्ण भरून लिहा. पूर्ण म्हणजे कडेपर्यंत, कारण लिहिणं आतून बाहेर जातं आणि वाईट डिस्कचा बिघाड बाहेरच्या कडेलाच आधी दिसतो, अर्धी भरलेली डिस्क सुरळीत चालते आणि आपण फसतो. लिहून झाल्यावर व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडून बघणं) चालू ठेवा, त्याचा टिक कधीही काढू नका, वेळ लागला तरी. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा आणि सगळ्या फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करून बघा. कॉपी होताना ड्राइव्हचा आवाज बदलत असेल, मध्येच थांबून परत फिरत असेल तर त्या डिस्कवर त्याला त्रास होतोय, व्हेरिफाय पास झालं असलं तरी.

काही ड्राइव्ह चुकांची मोजणी पण देतात. डीव्हीडीत दोन आकडे बघायचे, पीआयई (वाचताना आलेल्या चुका) आणि पीआयएफ (पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका), पहिल्याची ठरलेली कमाल मर्यादा २८० आणि दुसऱ्याची ४. चांगली डिस्क याच्या कितीतरी खाली असते. तुमच्या ड्राइव्हला ही सोय नसेल तर वरची कॉपीची चाचणी पुरे.

७. आता मोठा डबा

चाचणीत पास झाली की त्याच विक्रेत्याकडून लगेच तोच माल घ्या, महिन्या-दोन महिन्यांनी त्याच नावाखाली दुसरा कारखाना येऊ शकतो. घेताना एवढं बघा:

- डबा सीलबंद, प्लास्टिक नीट चिकटलेलं
- पूर्ण मॉडेल किंवा पार्ट नंबर जाहिरातीतला आणि डब्यावरचा एकच
- बिलावर ब्रँड आणि नग लिहिलेले, नुसतं "ब्लँक डीव्हीडी" नको
- परत घ्यायची मुदत किती आणि डबा उघडल्यावर घेतात का

शेवटचा मुद्दा विचारूनच घ्या. माझ्या दुसऱ्या खरेदीत एका ऑनलाइन विक्रेत्याने फोटोत एक डबा दाखवून दुसराच पाठवला, मी पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता म्हणून पैसे परत मिळाले, नाहीतर उघडलेला डबा कोणी घेत नव्हतं. आल्या दिवशी एक डिस्क काढून आयडी तपासा, चाचणीच्या डब्यातल्या आयडीशी जुळतो का बघा, जुळला नाही तर मुदतीतच तक्रार टाका.

वरचं प्लास्टिकचं झाकण नसलेले, नुसत्या कागदात किंवा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे खरंच स्वस्त असतात आणि रोज शेकडो डिस्क खपवणाऱ्याला ते ठीक आहेत. पण वाहतुकीत त्यांना ओरखडे जातात. घरच्या कामाला डबाच घ्या. प्रत्येक डिस्कची वेगळी कडक केस मिळते तीही महागच असते, डबा घेऊन रिकाम्या केस वेगळ्या घेतल्या तर कधी कधी स्वस्त पडतं, हिशोब करून बघा. आणि शंभरचा डबा पन्नासच्या दोन डब्यांपेक्षा स्वस्त असतोच असं नाही, मी तीन वेळा उलटं बघितलंय.

लागतील त्याहून खूप जास्त मात्र घेऊ नका, कोरी डिस्कही पडून पडून म्हातारी होते.

८. बर्न केल्यावर

उभ्या ठेवा, थंड कोरड्या अंधाऱ्या जागी. सीडीवर पेनाने नाव लिहिताना विशेष जपा कारण तिचा चकाकणारा थर छापील बाजूला फक्त वॉर्निशच्या एका पापुद्र्याखाली असतो, डीव्हीडीत तो दोन प्लास्टिक थरांच्या मध्ये सुरक्षित असतो. बॉलपेन नको, स्पिरिटचा मार्कर नको, पाण्याच्या शाईचा मार्कर घ्या, आणि सीडीवर शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा. चिकटवायची लेबलं लावू नका, कालांतराने डिस्क वाकते आणि फिरताना हलते.

जे परत मिळणार नाही त्याच्या दोन प्रती काढा, दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्कवर, आणि तिसरी हार्ड डिस्कवर. प्रत्येक डिस्कवर तारीख आणि मीडिया आयडी लिहून ठेवा. वर्षातून एकदा प्रत्येक डब्यातल्या दोन-तीन डिस्क काढून पूर्ण कॉपी करून बघा, एक जरी अडखळली तरी त्या आयडीच्या सगळ्या डिस्का त्याच आठवड्यात नव्या डिस्कवर उतरवून घ्या, कॅसेट किंवा मूळ फाइल अजून हातात असेल तर ती टाकून देऊ नका.